एक डॉलरला एक गाळणी

गराज सेलच्या आधीचे तीन दिवस मी आणि माझी मुलगी फक्त किमतींवरून भांडत होतो. ती अ‍ॅशबर्नहून आठवड्याची सुट्टी काढून मला न्यायला आली होती. प्लेनोचं घर विकलं गेलं होतं, सोमवारी किल्ल्या द्यायच्या होत्या आणि तिच्या घराच्या बेसमेंटमध्ये माझ्यासाठी एक खोली तयार होती. खोलीला छोटी खिडकी आहे आणि खिडकीतून हरणं दिसतात, असं ती मला फोनवर चारदा सांगून बसली होती. मी म्हटलं, बरं, हरणांना माझी माहिती दिली आहेस ना? ती हसली नाही. हल्ली ती माझ्या विनोदांना हसत नाही, नुसती काळजीनं बघते. मला त्याचा राग येतो.

माझी बायको गेल्या सप्टेंबरात गेली. गणपती उठले आणि पुढच्याच आठवड्यात ती गेली. त्यानंतर घरातली एकही वस्तू मी जागची हलवली नव्हती. तिचा चष्मा फ्रिजवर होता तो फ्रिजवरच होता. आता घर रिकामं करायचं म्हटल्यावर मी मुलीला एकच अट घातली, की तिच्या आईच्या वस्तूंना किंमत मी लावणार आणि ती कमी होणार नाही. कुणीतरी पिकअप घेऊन यावं, तिच्या कढईला ठोकून बघावं आणि पन्नास सेंट देऊ म्हणावं, हे मला सहन होणार नव्हतं. बाकी माझं सगळं फुकट न्या म्हणालो. माझी लॉन मोअर न्या, टाय न्या, ते व्यायामाचं सायकलवजा यंत्र तर आधी न्या.

किंमत लावणं मला जमेल असं मला वाटत होतं. आयुष्यभर इंजिनिअर म्हणून काम केलं, घसारा म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. मूळ किंमत घ्यायची, वापराची वर्षं बघायची, त्या हिशेबानं खाली यायचं. पण मूळ किंमत आठवली की माझं डोकं आपोआप तिचे रुपये करायला लागतं, आणि तेही आम्ही इथे आलो तेव्हाच्या भावानं. मग पोळपाटावर मी बारा डॉलरचं स्टिकर लावलं. मुलीनं ते काढलं आणि दोनचं लावलं. मी ते काढून परत बाराचं लावलं. ती म्हणाली, "बाबा, नोबडी केअर्स व्हॉट यू पेड." मी म्हटलं, मला आहे ना केअर, तेवढं पुरे.

तिच्या आईचा मिक्सर निघाला. पुण्याहून आणलेला, दोनशे वीस व्होल्टचा. तो इथे चालावा म्हणून मी एक ट्रान्सफॉर्मर घेतला होता, वजनाला चांगला धोंडा. पंचवीस वर्षं आमच्या ओट्यावर तो धोंडा बसलेला होता आणि त्याच्या कृपेनं आमची चटणी होत होती. इथे शंभर दुकानांत मिक्सर मिळतात, पण खोबरं वाटावं तर त्यानंच, असं तिचं म्हणणं. मिक्सर चालू झाला की स्वयंपाकघरातला दिवा जरासा मंदावायचा. मी म्हणायचो, झालं, गेली बघ गावाची वीज. ती मिक्सर आणखी थोडा वेळ फिरवायची, मुद्दाम. त्या जोडीला मी चाळीस डॉलर लावले. मुलगी कपाळाला हात लावून बसली. बसू दे.

असं शुक्रवारपर्यंत चाललं. सोऱ्या, मोदकपात्र, घडीच्या खुर्च्या, महाराष्ट्र मंडळाच्या जेवणांना गावभर फिरून आलेलं मोठं पातेलं. प्रत्येक वस्तू हातात घेतली की मला काहीतरी आठवायचं आणि मी सांगत सुटायचो, आणि मुलगी घड्याळाकडे बघायची. पण ऐकायची. मोदकपात्राच्या वेळी ती स्वतःच म्हणाली, की आई दर पाचव्या मोदकाला मला पाकळ्या करायला द्यायची आणि तो बिघडलेला मोदक सगळ्यांत आधी तीच खायची. हे मला माहीत नव्हतं. माझ्या ताटात नेहमी सरळ नाकाचे मोदक यायचे.

शुक्रवारी दुपारी पाहुण्यांच्या खोलीतलं कपाट रिकामं करताना वरच्या फळीवरून एक पुठ्ठ्याचं बॉक्स निघालं. चिकटपट्टी लावलेलं, वर काही लिहिलेलं नाही. उघडलं तर आत मराठी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चहाच्या गाळण्या. एक नाही, दोन नाही, चांगल्या पन्नासेक. सगळ्या कोऱ्या, स्टीलच्या, बारीक जाळीच्या. आम्ही दोघं त्या ढिगाकडे बघत बसलो.

मला मग तो प्रसंग आठवला. आमच्या शेवटच्या पुण्याच्या फेरीत, निघायच्या आदल्या दिवशी, तिच्या भावाच्या घरी बॅगा तोलणं चाललं होतं. प्रत्येक वेळी काटा पुढे जायचा. तेव्हा तिनं माझा चिवडा काढला, माझे दोन पायजमे काढले आणि त्या जागी वर्तमानपत्राच्या पुरचुंड्या खोचल्या. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, लागतं. मी म्हटलं, माझे पायजमे लागत नाहीत का? ती म्हणाली, तिकडे मिळतात. विषय संपला. तिनं एकदा 'लागतं' म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी पुढचं उत्तर मिळत नसे.

आता या गाळण्या कशाला आणल्या असतील, ते काही केल्या आम्हाला सुचेना. मुलगी म्हणाली, आईला स्वस्त दिसलं की ती घ्यायची. ते खरंच होतं. तुळशीबागेत शिरली की तिचं भान सुटायचं. मी म्हटलं, असेल. आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. कोरा माल, एकसारखा, घसारा शून्य. किमतीवरून वाद घालायला जागाच नाही. मी टेबलाशी बसून प्रत्येक गाळणीच्या दांड्यावर एक डॉलरचं गोल स्टिकर चिकटवलं. छान एका रेषेत. त्या तीन दिवसांत मला पहिल्यांदा थोडं शांत वाटलं.

शनिवारी सकाळी सात वाजता गराजचं दार वर केलं तर बाहेर माणसं उभी. मोदकपात्र कुणाला कळलं नाही, पण एका बाईंनी ते अंडी उकडायला घेतलं आणि मी लावलेली किंमत न बोलता दिली. मी त्यांना ते कशाचं आहे हे सविस्तर सांगितलं. त्या फार शांतपणे ऐकून घेत होत्या, माझ्या मुलीनं मला मागे ओढेपर्यंत. पोळपाट खपला नाही. मिक्सरकडे आणि ट्रान्सफॉर्मरकडे लोक लांबूनच बघून जात होते.

नऊच्या सुमाराला एक अमेरिकन बाई आल्या. उन्हाची मोठी टोपी, हसरा चेहरा. त्या लहान मुलांच्या शाळेत शिकवत होत्या. गाळण्या बघून त्या हरखल्याच. म्हणाल्या, मुलांना वाळू चाळायला याच्यासारखं दुसरं काही नाही, सगळ्याच घेतल्या तर पंचवीसला द्याल का? मी म्हटलं, एक डॉलरला एक. त्या म्हणाल्या, ठीक आहे, पण एवढी कॅश नाही, जाऊन घेऊन येते. मी म्हटलं, या, बाजूला काढून ठेवतो. झालं, शब्द दिला. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू. तिची खरेदी, तिची आवड, आणि एक सेंटही न तोडता पूर्ण किमतीत जात होती. मी मुलीकडे विजयी मुद्रेनं बघितलं.

त्या बाई वळल्या आणि पाच मिनिटांत आमच्या वहिनींची गाडी दारात लागली. या माझ्या मित्राच्या पत्नी, प्लेनोतल्या आमच्या पहिल्या वर्षापासूनची ओळख. जिभेला धार, पण सप्टेंबरनंतर आठवड्यातून दोनदा न चुकता डबा पाठवणाऱ्या त्याच. आजही हातात डबा होताच. डबा मुलीकडे देऊन त्यांनी गराजभर एक नजर फिरवली आणि त्या गाळण्यांच्या बॉक्सपाशी थांबल्या. एक गाळणी उचलली, स्टिकर वाचलं, आणि त्यांचा चेहराच उतरला.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "हे वाण आहे."

मला कळेना. वाण म्हणजे काय ते कुठल्याही मराठी माणसाला कळतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका एकमेकींना काहीतरी छोटं देतात, ते वाण. पण त्याचा आणि या बॉक्सचा संबंध मी लावलाच नव्हता. कारण आमच्या घरी हळदीकुंकू असलं की दुपारी दोनलाच मला बाहेर हाकललं जाई. मी आणि वहिनींचे यजमान कुठेतरी टाको खात बसायचो आणि अंधार पडल्यावर घरी यायचो. तोवर अत्तराचा वास आणि तिळगुळाचे चार दाणे उरलेले असायचे. आत काय चालतं, कोण काय देतं, ते मी कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही.

वहिनींनी मग खुर्ची ओढली आणि सांगितलं. मंडळातल्या बायकांचं आपसात ठरलेलं असतं, म्हणे. एका वर्षी दोघींनी तेच वाण दिलं तर घरोघर त्याच त्या वाट्या साठतात. म्हणून ज्या भारतात जाऊन येतात त्या आधीच फोन करून सांगतात, मी अमुक आणलंय, तुम्ही दुसरं बघा. माझ्या बायकोनं पुण्याहून परतल्याबरोबर वहिनींना फोन केला होता. येत्या संक्रांतीला गाळण्या माझ्या. इथल्या गाळण्यांतून चहाची पूड खाली उतरते, नव्या आलेल्या पोरी पेपर टॉवेलनं चहा गाळतात, मला बघवत नाही, असं म्हणाली होती.

"मग संक्रांत आली," वहिनी म्हणाल्या. "यंदा गाळणी कुणीच दिली नाही. ती तिची होती ना. तुम्हाला विचारावंसं फार वाटलं, पण कसं विचारणार?"

माझ्या मुलीनं तोंड फिरवलं. मला आठवली ती जानेवारीतली संध्याकाळ. संक्रांतीला मी एकटा बसून टीव्हीवर हवामान बघत होतो आणि आतल्या खोलीत वरच्या फळीवर हे बॉक्स होतं. तिनं माझा चिवडा काढून आणलेलं. प्रत्येकीसाठी एक, हातानं गुंडाळलेलं. आणि मी त्यावर स्टिकरं लावून बसलो होतो, एका रेषेत आली म्हणून खूष. मला रडू आलं. गराजमध्ये दोन अनोळखी माणसं खुर्च्या उघडमीट करून बघत होती, त्यांच्या देखत आलं. येऊ दे म्हटलं.

तेवढ्यात त्या शाळेच्या बाई पैसे घेऊन परत आल्या. मी दिलेला शब्द मोडत नाही. नोकरीत कधी मोडला नाही, घरात मोडला नाही. मी त्यांच्यापुढे उभा राहिलो आणि सांगितलं, की या गाळण्या माझ्या बायकोनं तिच्या मैत्रिणींना द्यायला आणल्या होत्या, मला ते आत्ता कळलं, त्या मी विकू शकत नाही. त्यांनी पैसे पर्समध्ये ठेवले आणि माझ्या हातावर हात ठेवला. माझी मुलगी धावत आत गेली आणि घरातल्या झाडून सगळ्या प्लास्टिकच्या चाळण्या, कप, डाव घेऊन आली आणि वाळूत खेळायला म्हणून त्यांना फुकट देऊन टाकले. पोळपाटसुद्धा दिला. मी देऊ दिला.

आता प्रश्न असा की या गाळण्या द्यायच्या कशा? सोमवारी किल्ल्या द्यायच्या. बॉक्स अ‍ॅशबर्नला न्यायचं तर तिथे माझ्या बायकोची कुणी मैत्रीण नव्हती. वहिनींना म्हटलं, तुम्ही घेऊन जा, तुमच्या हातानं वाटा. त्यांनी साफ नकार दिला. दुसरीचं वाण मी माझं म्हणून कसं देऊ, म्हणाल्या. मग मीच घरोघर जाऊन पोचवू का, कुरिअरवाल्यासारखा? वहिनी म्हणाल्या, चैत्र चालू आहे, चैत्रागौरीचं हळदीकुंकू करता येतं, उद्या दुपारी इथेच. घर रिकामं आहे म्हणून काय झालं, जमीन तर आहे. मी म्हटलं, अहो, बाईमाणूस नसलेल्या घरात हळदीकुंकू? त्यांनी माझ्या मुलीकडे बोट दाखवलं. ही काय मग?

रविवारी दुपारी आमच्या रिकाम्या दिवाणखान्यात सतरंज्या पडल्या. वहिनींनी पन्हं आणि कैरीची डाळ आणली. मुलीनं आईची साडी कशीबशी नेसली होती, निऱ्या एका बाजूला सरकत होत्या. बायका यायला लागल्या. माझ्या बायकोच्या वयाच्या, पिकलेल्या केसांच्या, आणि कालपरवा नागपूरहून, मुंबईहून आलेल्या, जीन्सवर कुर्ता घातलेल्याही. मी सवयीनं गाडीची किल्ली उचलली आणि दाराकडे निघालो. वहिनींनी मला हटकलं. "कुठे निघालात? वाण कोण देणार मग?"

मी आयुष्यात पहिल्यांदा हळदीकुंकवाला बसलो. भिंतीला टेकून, शेजारी बॉक्स. मुलगी सगळ्यांना हळदीकुंकू लावत होती. पहिल्या बाईंना तिनं आधी कुंकू लावलं, तेव्हा सगळ्यांनी एकदम सांगितलं, की आधी हळद. ती लाजली, मग नीट लावायला लागली. स्टिकरं मी रात्री खरवडून काढायला बघितली होती, पण ती काही निघाली नव्हती. एकजण म्हणाली, काकांनी किंमत तरी बरी लावलीय. मी म्हटलं, घसारा धरलेला नाही. सगळ्या हसल्या. एका आजींनी शंका काढली, की वाण संक्रांतीचं, चैत्रात भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरतात. वहिनी म्हणाल्या, आजी, उशीर झालाय, एवढं चालवून घ्या. आजींनी मान हलवली.

मी पहिली गाळणी उचलली तर वहिनींनी माझा हात धरला.

"असं नाही. आधी नाव घ्या."

उखाणा घ्या म्हणत होत्या. बायका कशा नवऱ्याचं नाव यमक जुळवून घेतात, तसं. सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, मला यमकं येत नाहीत. वहिनी म्हणाल्या, यमक राहू दे, नुसतं नाव घ्या.

मी नाव घेतलं. आणि सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या, कारण ते नाव तिथे कुणालाच माहीत नव्हतं. वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मग मला सांगावं लागलं. आमच्या लग्नात माझ्या आईनं तिचं नाव बदललं होतं, तेव्हा बदलायचेच. ताटातल्या तांदळात मी बोटानं जे नाव लिहिलं, तेच पुढे तिच्या पासपोर्टवर आलं, मंडळात आलं, हॉस्पिटलनं मनगटाला बांधलेल्या पट्टीवर आलं. तिचं मूळ नाव, तिच्या आईनं पाळण्यात ठेवलेलं, तिला आवडायचं. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तिनं मला ते सांगितलं, म्हणून घरात दोघंच असलो की मी त्याच नावानं हाक मारायचो. चार माणसांत कधी नाही. मुलीसमोरही नाही. या देशात त्या नावाची बाई राहत होती हे फक्त मला ठाऊक होतं. सप्टेंबरनंतर मी ते एकदाही मोठ्यानं उच्चारलेलं नव्हतं.

मुलगी कुंकवाचं ताट हातात धरून उभी राहिली होती. वहिनी पदरानं डोळे पुसत होत्या. मग त्याच पुढे झाल्या, मी गाळणी दिली, त्यांनी ती कपाळाला लावली. मग आजी आल्या. मग एकेक जण येत गेली.

रांगेत शेवटी एक अगदी तरुण मुलगी होती. महिन्यापूर्वी नवऱ्याबरोबर आलेली. माझ्या बायकोला तिनं कधी पाहिलेलंच नव्हतं. तिनं गाळणी दोन्ही हातांत घेतली, जाळी उजेडाकडे धरून बघितली आणि म्हणाली, की छान बारीक आहे. आणि मग त्या नावाला काकू लावून, तिला थँक्यू म्हणाली.

ते नाव माझ्या मनात कायम बावीस वर्षांच्या मुलीचं होतं. त्याच्यापुढे 'काकू' मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मला वाटलं हाक ऐकून माझी बायको वळून बघेल, आणि मी खरंच स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.